पेतिरचा खोकला

पोनिदीनं बायकोला बहिणीकडे धाडलं, तेव्हा आमच्या गल्लीत कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. तिला खोकला होता आणि त्याच्याकडे पक्षी होता. दोन्ही एका छपराखाली नांदत नाहीत, हे जकार्ताच्या या पूर्वेकडच्या गल्ल्यांत शेंबड्या पोरालाही कळतं.

पक्षी शामा होता. काळी पाठ, तांबूस पोट, अंगापेक्षा लांब शेपटी. नाव पेतिर, म्हणजे वीज. शामाचा गळा म्हणजे उघडं भांडं. पडेल ते त्यात साठतं. म्हणून लहानपणापासून त्याला एखाद्या गोड गाणाऱ्या पक्ष्याशेजारी टांगतात. त्या पक्ष्याला आम्ही मास्तर म्हणतो. आणि म्हणूनच बदकं, चिमण्या, नळाची घरघर, रडकं पोर यांच्यापासून त्याला लांब ठेवतात. एकदा घाणेरडा आवाज गळ्यात बसला की पक्षी नासला. नासलेला पक्षी शेजारच्यालाही नासवतो.

पोनिदी सोफे दुरुस्त करायचा. हातगाडीवर फोम आणि रेक्झिनच्या गुंडाळ्या घालून मोठ्या घरांच्या वसाहतीतून ओरडत फिरायचा. लोकांच्या दिवाणखान्यात गुडघ्यांवर बसून दुसऱ्यांच्या बुडाखालचे खड्डे भरायचे, हे त्याचं आयुष्य. त्याला तिथं कुणी नावानं हाक मारत नसे. पण सकाळी कालव्याकाठी आम्ही उंच बांबूंवर पिंजरे चढवायचो, तेव्हा पेतिर गायला लागला की बोलणी थांबायची. लवंगी सिगारेटी हातातच विझायच्या. रांगेच्या मधला बांबू पोनिदीचा होता. तिथं त्याला सगळे ‘पाक पोनिदी’ म्हणत. आमच्याकडे बापालाही पाक आणि परक्या थोरालाही पाकच. मधल्या बांबूखाली उभा असताना तो खरंच कुणाचा तरी बाप दिसायचा.

त्याची बायको तुमिरा. आधी तिचं अंथरूण पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात गेलं. मग मागच्या पडवीत. खोकला दोनदा यायचा, सुका, आणि त्यामागून एक बारीक ‘हं’, जणू स्वतःलाच सांगतेय की झालं, संपलं. मग एक दिवस पोनिदी म्हणाला, “बेकासीला सुमारनीकडे जा. तिथली हवा चांगली आहे.”

“हवा तीच आहे,” तुमिरा म्हणाली. “तिथं पक्षी नाही एवढंच.”

“तसं नाही गं.”

“तसंच आहे, लास्त्रीचे पाक. घ्या त्याला मांडीवर. निजवा, न्हाऊ घाला. मी निघते.”

गल्लीतल्या बायका हसल्या. तीही हसली आणि हसताना खोकली. पोनिदीनं पिंजऱ्यावर कापड ओढलं.

ती बेकासीलाच गेली. गेली म्हणजे वारली.

सातव्या दिवशीच्या दुवेला आम्ही पोनिदीकडे जमलो. बायकांनी भात, कोंबडी आणि मिरचीचं संबल बांबूच्या करंड्यांत भरून ठेवलं होतं. दुवा झाली की प्रत्येकानं एकेक घरी न्यायची. मौलवी यायचे होते. दिवेलागण व्हायची होती. पोनिदी दाराशी उभा राहून आलेल्यांचे हात हातात घेत होता. ओसरीत टांगलेल्या पिंजऱ्यात पेतिर गायला लागला. चढला, वळला, उतरला, आणि शेवटी, जिथं गाणं मिटतं तिथं, दोनदा खोकला.

मग म्हणाला, “हं.”

चटईवर बसलेल्यांतल्या एकानं वळून मागच्या पडवीकडे पाहिलं. पोनिदीची मुलगी लास्त्री आतून पळत बाहेर आली, हाताला भात चिकटलेला. ती पिंजऱ्याखाली उभी राहिली आणि तोंड उघडं टाकून वर बघत राहिली. पोनिदीनं दोन्ही हातांनी पिंजरा काढला आणि कापड टाकून न्हाणीत नेऊन ठेवला. दुवाभर तिथून खोकला येत होता.

दुसऱ्या सकाळी हाजी रोमलींनी पोनिदीला बांबूजवळ येऊच दिलं नाही. रोमली आमच्या पक्षीमंडळाचे मोठे. त्यांचे दोन शामा करंडक आणलेले.

“पोनिदी, लांब.”

“पाक हाजी, कधीतरीच करतो. एकदाच.”

“एकदाच तर पुरतं. तुझी बायको देवाघरी गेली, अल्ला तिला जागा देवो. पण तिनं आता आमच्या पोरांची शिकवणी घ्यावी असं मला वाटत नाही.”

सगळे हसले. कुणीतरी खोकून दाखवलं. पोनिदीही हसला, कारण न हसणं अवघड होतं. मग तो पिंजरा घेऊन कालव्याच्या टोकाशी, कचरा टाकतात तिथं गेला. तिथं एक मोडका बांबू होता. त्या दिवसापासून तीच त्याची जागा. लांबून तो आमच्याकडे बघायचा. आम्हाला त्याच्याकडे बघायचं कारण नव्हतं.

लास्त्री कपड्यांच्या कारखान्यात काजं करायची. दुपारच्या पाळीला जायची, म्हणून सकाळ तिची होती. ती पिंजऱ्यासमोर बसायची. गाणं तिला नकोच असायचं. गाणं संपायची वाट बघायची. खोकला आला की डोळे मिटायची. ‘हं’ आलं की मान हलवायची, जणू कुणी काही विचारलं होतं आणि तिनं होकार दिला.

“मला द्या हा, पाक,” ती म्हणाली.

“नासलेला पक्षी तुला कशाला?”

“माकचा आहे.” आईला ती माक म्हणायची.

“माकचा? तुझी माक त्याला रातकिडा घालायची नाही कधी. शिव्या घालायची.”

“आवाज माकचा आहे. फोटोही नाही धड आपल्याकडे. ओळखपत्रावरचा तो, त्यात ती माक नाहीच, पोलीस ठाण्यातली कुणी बाई वाटते. एवढंच आहे तिचं.”

“मी बरा करणार आहे त्याला,” पोनिदी म्हणाला. तो ‘बरा’ हा शब्द पक्ष्याबद्दल वापरत होता.

उपाय हाजी रोमलींनीच सांगितला. शहराच्या मोठ्या पक्षीउद्यानात एक चुचाक रावा होता, पाणथळीतला मोठा बुलबुल. रानात तो आता सापडत नाही. आमच्यासारख्यांनीच पिंजऱ्यात भरून भरून संपवला. पण असा मास्तर दुसरा नाही. त्याचं गाणं म्हणजे मडक्यातून मडक्यात पाणी. “त्याच्याशेजारी उपाशी ठेव,” रोमली म्हणाले. “काळ्या कापडाखाली. भुकेल्याचे कान मोठे असतात. नवं गाणं आत गेलं की जुनं बाहेर पडतं. घसा एकच आहे बाबा, भाडेकरू दोन राहत नाहीत.”

उद्यानात दारसोनो नावाचा रखवालदार होता. पोनिदीनं एकदा त्याचा सोफा बांधून दिला होता. तो ‘ये’ म्हणाला.

रविवारी बापलेक निघाले. लास्त्री का गेली हे पोनिदीनं विचारलं नाही. बाहेरचा पक्षी आत न्यायला बंदी, म्हणून पेतिरला त्यानं करंडीत घातलं होतं. सातव्या दिवसाच्या जेवणातली उरलेली एक. झाकणाला सुतळी आणि वरून सोफ्याच्या अस्तराचं काळं कापड.

फाटकाशी शाळेच्या सहलीतली पोरं रांगेत उभी होती, एकमेकांच्या टोप्या उडवत. पहारेकऱ्यानं करंडीवर बोटानं टिचकी मारली.

“यात काय?”

“भात,” पोनिदी म्हणाला. “थोडं तळलेलं टेम्पे.”

करंडीतून दोनदा खोकला आला.

पहारेकऱ्यानं पोनिदीच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड बंद होतं. तेवढ्यात लास्त्री पुढं झुकली, हाताची मूठ ओठांशी नेली आणि खोकली. दोनदा, सुकं. आणि मागून एक बारीक ‘हं’.

पहारेकरी मागं सरकला. “अहो, मुलीला औषध द्या. पोरं आहेत इथं सगळी. जा, जा आत.”

आत आल्यावर पोनिदी बराच वेळ हसत होता. बायको गेल्यापासून तो असा हसला नव्हता. “अगदी तिच्यासारखं! कसं गं जमलं?”

“रोज ऐकते,” लास्त्री म्हणाली.

जाळीचा भला थोरला घुमट. त्यात झाडं, झाडांत पाखरं, पाखरांखाली माणसं. आवाज एवढा की एकही ऐकू येत नव्हता. एक धनेश कठड्यावर बसून आपल्या चोचीच्या ओझ्याखाली मान वाकवून होता. एका तरुणाच्या हातावर निळा पोपट होता. लोक रांगेनं आपल्या पोरांच्या खांद्यावर तो ठेवून फोटो काढत होते. पोपटाचे पंख कातरलेले, त्यामुळे तो सगळ्यांनाच आवडत होता. पलीकडे एका काकाकुव्यानं स्वतःच्या छातीवरची पिसं उपटून काढली होती. गुलाबी कातडी, कोंबडीवाल्याकडे टांगलेली असते तशी. एक बाई नवऱ्याला म्हणाली, “बघा, अंघोळीला बसलाय.” काकाकुवा चोच घालून आणखी एक पीस शोधत होता. लास्त्री तिथं थांबली. पोनिदी थांबला नाही.

दारसोनोची खोली घुमटामागं होती. आजारी आणि नवे पक्षी तिथं ठेवायचे. फळीवर एका पिंजऱ्यात चुचाक रावा. वाळल्या गवताच्या रंगाचं डोकं, बाकी मातकट. रस्त्यात भेटला तर कुणी मान वळवणार नाही. तो गायला आणि पोनिदीचे डोळे भरले. खरंच भरले. बायकोच्या मातीला ते कोरडे होते, हे आम्ही पाहिलेलं आहे.

“ठेव इथं,” दारसोनो म्हणाला. “पहिले काही दिवस पाणी आणि नखभर मुंग्यांची अंडी. मास्तर गायला की एक रातकिडा. हा खोकला की काही नाही.”

“मरेल तो,” लास्त्री म्हणाली.

“मेला तर समजायचं, विद्यार्थी मठ्ठ होता.” दारसोनोला स्वतःचा विनोद आवडला. पोनिदीही जरा उशिरानं हसला.

“पाक, एकदा ऐकू द्या. शेवटचं.”

पोनिदीनं तिच्याकडे पाहिलं. मग करंडीतून पेतिरला काढून दारसोनोच्या छोट्या पिंजऱ्यात सोडलं आणि कापड बाजूला धरलं. पेतिर दांडीवर बसला, एका डोळ्यानं लास्त्रीकडे बघत. ती जवळ गेली. श्वास धरून उभी राहिली. पक्षी गप्प.

“माक,” ती हळूच म्हणाली.

पक्ष्यानं शेपटी झटकली. बाहेर पोरं किंचाळली. मोरानं पिसारा फुलवला असावा. पेतिरनं अंग फुगवलं आणि डोळा मिटला.

“लाजतोय,” पोनिदी म्हणाला आणि कापड सोडलं.

ते दारातून बाहेर पडले, दारसोनोनं कडी घातली, आणि आतून, काळ्या कापडाखालून, खोकला आला. लास्त्री वळली. पोनिदीनं तिचं मनगट धरलं.

“चल.”

“पाक, एकदाच—”

“तू परत गेलीस तर त्याला शाबासकी वाटेल. चल म्हणतो ना.”

मनगट धरूनच त्यानं तिला घुमटातून नेलं. दुरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, केवढी मोठी मुलगी, अजून बापाचा हात सोडत नाही.

रमजान लागायच्या आधी पेतिर घरी आला. छातीचं हाड बोटाला लागत होतं, पण गात होता. चढला, वळला, आणि जिथं पूर्वी खोकला यायचा तिथं मडक्यातून मडक्यात पाणी पडलं. हाजी रोमलींनी टोकाच्या बांबूखाली उभं राहून सबंध सकाळ ऐकलं. मग स्वतःच्या हातानं पिंजरा उतरवला आणि मधल्या बांबूवर चढवला.

“पाक पोनिदी,” ते म्हणाले, “आता हा माणसांत आला.”

पोनिदीनं आम्हा सगळ्यांना चहा पाजला. लास्त्री दारात उभी होती. प्रत्येक गाणं ती शेवटपर्यंत ऐकायची आणि शेवट आला की पुढं झुकायची, एखाद्या पायरीचा अंदाज चुकल्यासारखी.

मग ती तेच करू लागली जे बापाकडून शिकली होती. पोनिदी पक्षी उतरवून, खाऊ घालून हातगाडी घेऊन गेला की ती पिंजरा मागच्या पडवीत न्यायची. रातकिड्यांची वाटी काढून घ्यायची. काळं कापड टाकायची. आणि समोर बसून खोकायची. दोनदा, सुकं, मागून ‘हं’. पेतिर ‘हं’च्या जवळ आला असं वाटलं तर कापडाखालून एक रातकिडा. तो पाण्याचं गाणं गायला तर काही नाही.

शेजारच्या यायुकबाईनं भिंतीपलीकडून विचारलं, “लास्त्री, तुलाही का गं?”

“घसा धरलाय, बू.”

“आलं घाल चहात.”

घसा धरलेलाच राहिला. कारखान्यात काजं करताना ती खोकायची. तिथं तर पक्षी नव्हता. बसमध्ये खोकायची. झोपेत खोकायची, आणि झोपेत मागून ‘हं’ येत नसे. मुद्दाम कुठं संपलं आणि खरं कुठं सुरू झालं, हे तिला तरी कळलं होतं का? यायुकबाई म्हणते, तिला कळलं होतं आणि ती थांबली नाही. कारण खरा खोकला जास्त जुळत होता.

एका सकाळी पोनिदी जाड सुई विसरला म्हणून परत आला. ओसरीत पाय ठेवला आणि त्याला ऐकू आलं. दोनदा, सुकं. हातगाडी त्यानं रस्त्यातच सोडली. ती उतारावरून गेली आणि गटारात एक चाक घालून थांबली. तो धावत पडवीत आला आणि आधी त्यानं पिंजऱ्यावरचं कापड उचललं.

पेतिर गप्प होता.

मग त्याला लास्त्री दिसली. पिंजऱ्यासमोर, आईच्या जागी, भिंतीला टेकून. तोंडाशी कापडाची चिंधी.

“कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“हे. त्याला ऐकवणं.”

“आता नाही ऐकवत, पाक. आता ते आपोआप येतं.” तिनं चिंधी मुठीत घेतली. घेताना तिच्यावरचं लाल दिसलं. पोनिदीनंही पाहिलं असणार. तो जवळच उभा होता.

तो रिकामी वाटी बघत होता. “उपाशी ठेवलंस त्याला?”

“तुम्हीही ठेवलं होतंत ना, भुकेल्याचे कान—”

“पुढच्या रविवारी करंडकाची स्पर्धा आहे, लास्त्री!”

ती हसली. आईसारखी हसली आणि हसताना खोकली. पोनिदीच्या हातानं कापड पुन्हा पिंजऱ्यावर ओढलं. हात विचारून थोडाच काम करतो.

“मावशीकडे जा थोडे दिवस,” तो म्हणाला. “बेकासीला हवा चांगली आहे.”

“तुम्हाला दुसरं वाक्य येत नाही का, पाक?” ती म्हणाली. “शिकवलंच नाही वाटतं कुणी.”

तिची पिशवी आम्हीच बसथांब्यापर्यंत नेली. हाजी रोमलींनी वाटखर्चाला काही दिलं. ते मनानं वाईट नव्हते.

स्पर्धेत पेतिर पहिला आला. पंच पाठीवर हात बांधून पिंजऱ्याखालून फिरत होते आणि चारी बाजूंनी मालक आपापल्या पक्ष्यांना ओरडून चेव आणत होते. पोनिदी ओरडत नव्हता. गाणं शेवटाकडे आलं की त्याची मान पुढं व्हायची, मुलीसारखी. आम्हाला वाटलं, भितोय. दर वेळी खोकल्याच्या जागी पाणी आलं. दर वेळी त्याचे खांदे खाली आले. बक्षीस म्हणून त्याला उभा पंखा मिळाला, त्याच्या छातीएवढा. तो त्यानं पुढच्या खोलीत लावला. त्या वाऱ्यात बसायला घरात आता दुसरं कुणी नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी तो बेकासीला निघाला. करंडीत पेतिर, वर काळं कापड. मुलीला ऐकवायला, म्हणाला. जिंकलेलं गाणं. एका हातात विजयाच्या जेवणातली दुसरी करंडी, भात आणि कोंबडीची.

पुढचं सुमारनीनं सांगितलं. तिनं खिडकीतून त्याला येताना पाहिलं. नवा बातिकचा सदरा, केस विंचरलेले. कुंपणाच्या फाटकाशी तो थांबला, जेवणाची करंडी खाली ठेवली, पक्ष्याच्या करंडीवरचं कापड मागं सारलं, झाकणाची सुतळी सैल केली, आणि मग कडीला हात घातला. सुमारनी दार उघडायला उठली. तेवढ्यात आतल्या खोलीत लास्त्री खोकली. दोनदा. तिसऱ्यांदा. मग थांबेचना.

पोनिदीनं कडी सोडली. कापड खाली ओढलं. करंडी छातीशी धरली आणि दोन्ही तळवे तिच्या दोन बाजूंना दाबून धरले, फटाके वाजताना तान्ह्याचे कान झाकतात तसे. मग वळला.

“कोण आलं होतं, मावशी?” लास्त्रीनं आतून विचारलं.

“कुणी नाही. जुना सोफा आहे का विचारत होता.”

जेवणाची करंडी फाटकाबाहेरच होती. सुमारनी ती घ्यायला गेली तोवर मांजर पोचलं होतं.

दुसऱ्या सकाळी पोनिदी कालव्यावर आला आणि त्यानं मधल्या बांबूवर पिंजरा चढवला. रोमलींनी विचारलं, “पोरगी कशी आहे?”

“आत नाही गेलो, पाक हाजी. दारातूनच ऐकू आलं.” त्यानं दोरी बांबूला गुंडाळली, गाठ मारली, गाठ ओढून पाहिली. “थोडक्यात वाचला.”

“बरं केलंस,” रोमली म्हणाले.

वर पेतिर गायला लागला. सगळे गप्प झाले.